अंतरपाटाआधी

३ एप्रिल १९९४, रविवार

आज ठरवलं. लग्नाच्या दिवशी, अंतरपाट धरायच्या आधी, वैशालीशी एकट्यात बोलायचं. कुठे आणि कसं ते नंतर बघू.

कारण लिहून ठेवतो. साखरपुडा झाल्यापासून आम्ही एकदाही एकटे भेटलेलो नाही. ती रोह्याला, मी जोह्याला. मी पेणला येऊन बूथवरून फोन करतो, तो तिच्या शेजारच्या रंभाकाकूंकडे वाजतो. काकू खिडकीतून हाक मारतात, वैशाली येते, आणि काकू तिथेच लसूण सोलत बसतात. दर रविवारी लसूण. त्या घरात एवढा लसूण खातं कोण, देव जाणे.

मैनाताई म्हणते, लग्नानंतर बोलायला आयुष्य पडलंय की. मैनाताई माझी मोठी बहीण, माहेरपणाला आलीय, करवली तीच होणार. तिला कळत नाही. लग्नानंतर मी जे बोलेन ते नवऱ्याचं बोलणं. मला त्याच्या आधी बोलायचंय.

फोनवर वैशालीला सांगितलं. ती म्हणाली, "मलापण एक विचारायचंय. फोनवर नाय विचारता येणार."

"मग त्या दिवशी विचार."

"हां. आधीच विचारायला पाहिजे. नंतर विचारून उपयोग नाय."

काय विचारणार ते मला माहीत आहे. बूथमधून शिट्टी वाजवत बाहेर पडलो.

५ एप्रिल

काय बोलायचं त्याची तयारी कारखान्यात सुरू केली. हैबतरावांच्या मूर्तींच्या कारखान्यात मी घासकाम करतो. साच्यातून निघालेल्या गणपतीचे सांधे पॉलिश पेपरने घासायचे. हात चालू असले की तोंड मोकळं असतं. समोर बिनरंगाचे गणपती ओळीने बसलेले. सगळ्यांचे कान मोठे, मध्ये बोलणारा एकही नाही.

"वैशाली, आजपासून तुझं सुख ते माझं सुख," इथपर्यंत आलो तेवढ्यात मागून कोणीतरी फिसकन हसलं. माझ्या हातात गणपतीचा उंदीर होता तो मी फेकला. त्या माणसाला लागला नाही. भिंतीवर फुटला.

हैबतराव म्हणाले, "लग्न हाय का लढाई रं, कान्हू?"

संध्याकाळी थांबून दुसरा उंदीर ओतून दिला. विषय संपला.

कॉलेज सुटलं तेव्हा असंच झालं होतं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, तुझी जागा शेतात आहे. मी बाक उलटा केला. सेकंड इयर तिथंच राहिलं. वैशाली तेव्हा त्याच वर्गात होती, मामाकडे राहून शिकायची. ती पुढे पास होऊन पदवीधर झाली. त्या दिवसाबद्दल ती आजवर एक अक्षर बोललेली नाही. समजूतदार आहे.

१० एप्रिल, रविवार

जागा सापडली. गौरीहर.

मुहूर्ताच्या आधी नवरी आतल्या खोलीत गौरीहराची पूजा करत बसते. एकटी. बाकी सगळं घर मंडपात. तिथून तिला उठवून मंडपात आणायचं ते मामाने. दुसऱ्या कुणी उठवायचं नसतं. म्हणजे त्या खोलीची किल्ली मामाच्या हातात. आणि नवऱ्याला मारुतीच्या देवळातून मंडपात न्यायला मुलीकडून जो मूळ घेऊन येतो, तोही ह्या लग्नात मामाच असणार, कारण वैशालीला भाऊ नाही. सगळं त्या एका माणसावर आलं.

अडचण अशी की त्या माणसाशी माझं भांडण झालेलं आहे. साखरपुड्याच्या पंगतीत बाबाजी मामा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "शिक्षान अर्धं, नोकरी अर्धी, राग तेवढा पुरा." लोक हसले. मी भरल्या पानावरून उठलो. आई अजून त्यावरून बोलते.

तर आज गेलो. मामाचं मिठागर धरमतरजवळ. वडखळला उतरून तिठ्यावरून चालत गेलो. वाटभर "चुकलं माझं" हे म्हणून बघितलं, म्हणजे ऐन वेळी तोंडात अडकायला नको.

मामा गुडघाभर लुंगी खोचून मीठ ओढत होता. मला बघून म्हणाला, "या जावई. आज पान मांडलं नाय, तरी आलात?"

"चुकलं माझं."

"कोनी शिकवलं बोलायला?"

"मीच."

"बरं. मग हो उभा, आन् ते दाताळं घे हातात."

लाकडी दाताळ्याने मीठ ओढून बांधावर ढीग करायचा. दिसायला सोपं. थोड्या वेळाने पायाच्या भेगांत मीठ शिरलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मामा बघत होता. मी थांबलो नाही. मग पाणी प्यायला बसलो तेव्हा विषय काढला.

मामा आधी हसला, मग हसायचा थांबला. "गौरीहरापाशी पोरगी कुनाशी बोलत नाय. ती येळ तिची एकटीची. उद्यापासून तिला एकटं कोन बसू देनार हाय?"

"मी बसू देईन की."

"आज बोलतोस."

"म्हणजे काय? माझ्यावर विश्वास नाही?"

"आवाज खाली. मीठ हाय हे, घाबरत नाय तुला."

मला राग आला. दाताळं बांधावर ठेवलं, जरा जोरात, आणि निघून आलो. एक दात मोडला वाटतं.

१७ एप्रिल, रविवार

पेणला जाऊन फोन केला. आज रंभाकाकू बोलायला आल्या, "काय रे जावयबापू, मामाचं दाताळं मोडलंस म्हणे?" बातमी रोह्याला माझ्या फोनआधी पोचलेली.

वैशाली आली. मी सांगितलं की मामा ऐकत नाही, तूच सांगून बघ. ती म्हणाली, "कान्हू, मला खरंच विचारायचंय काहीतरी. तू नीट ऐकशील ना?"

मी म्हणणार होतो की तुझंच तर ऐकतो मी. तेवढ्यात बाहेर रांगेतला एक जण काचेवर टकटक करायला लागला. घड्याळ दाखवत होता. दोनदा हाताने थांब म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने दार उघडून आत तोंड घातलं, "घर घेतलंस का इथं?" मी एका हाताने त्याची कॉलर धरली. थोडी झटापट झाली, त्याचा चष्मा पडला. बूथवाला मध्ये पडला. तो माणूस शिव्या देत गेला.

रिसीव्हर दोरीला लोंबत होता. उचलून कानाला लावला तर ती अजून होती.

"ऐकतेयस ना?"

"ऐकलं," ती म्हणाली.

"हां, तर मी काय सांगत होतो..."

"मी ठेवते. काकूंना बाहेर जायचंय."

काकूंना कुठे जायचं असतं? लसणाचा आवाज येत होता मागे.

२४ एप्रिल, रविवार

फोन लावला. रंभाकाकू म्हणाल्या, वैशाली घरी नाही, मामाकडे गेलीय दोन दिवस, लग्नाआधीचं केळवण. बाकी काही नाही.

धरमतरला जावं असं मनात आलं होतं, पण मागच्या वेळचं आठवून गेलो नाही.

२८ एप्रिल

मामा स्वतः कारखान्यात आला! मी घासत होतो, मान वर केली तर समोर. हैबतरावांनी चहा मागवला. मामाने सगळीकडे नजर फिरवली, भिंतीवरच्या त्या उंदराच्या डागाकडेही. कुणीतरी त्याला सांगितलं असणार.

"तुझं ते काम करतो," म्हणाला.

मी उठून पाया पडलो. प्लॅस्टरच्या हातांनी. त्याच्या पायावर पांढरी बोटं उमटली.

"आईक पयलं. माझी अट हाय. आधी ती बोलंल. तू गप. ती गप झाली की मंग तुझा नंबर. मधी बोललास तर मी मागं उभा हाय."

"कबूल."

"आन् तिने काय बी विचारलं तरी खरं सांगायचं. पाठ केलेलं नाय."

ही दुसरी अट कशासाठी ते कळलं नाही, पण कबूल केलं. खरं सांगायला मला काय हरकत?

मिठागरावर घाम गाळला तो फुकट गेला नाही. माणूस वरून कडक, आतून मऊ. जाताना मात्र हसला नाही.

२ मे

मैनाताईला सांगावंच लागलं. करवली नवऱ्याच्या पाठीला चिकटलेली असते, तिला चुकवून जाणार कुठे?

ती लाडू वळत होती, ते सोडून माझ्याकडे बघत राहिली. "अरे शहाण्या, अंतरपाट मग धरतात कशाला? आधी तोंड बघितलंस तर त्या बिचाऱ्या भटजींनी कापड धरून उभं राहायचं ते काय वारा घालायला?"

"तोंड नाही बघत. नुसतं बोलतो."

"शपथ?"

"शपथ."

मग ताईनेच मार्ग काढला. त्या मागच्या खोलीच्या दाराला जुन्या साडीचा पडदा असतो, तिने साखरपुड्याला बघितलाय. वैशाली पडद्याच्या आत, मी बाहेर. म्हणजे नियम मोडला नाही आणि बोलणंही झालं.

"आणि मी तिथंच उभी असणार, कानात बोटं घालून," ताई म्हणाली. घालणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

९ मे

तयारी पूर्ण. एकूण पाच वाक्यं. शेवटचं वाक्य मलाच इतकं आवडतं, की दोनदा म्हणतो.

बाबांना कुठून तरी कळलं. जेवताना म्हणाले, "बोलायचं काय येवडं? मी तुझ्या आयशीशी पयला बोललो तो लग्नानंतर, शेतावर."

आई आतून म्हणाली, "काय बोललात ते पन सांगा पोराला."

बाबा भात कालवत राहिले.

"'सरक' बोलले," आई म्हणाली. "रोपाची जुडी टाकायची होती. सरक. येवडंच."

सगळे हसले. मी हसलो नाही. माझं असं होणार नाही.

१२ मे, गुरुवार

हळद लागली. आता गावाची वेस ओलांडायची नाही. टोकाला लिंबू टोचलेली सुरी हातात दिलीय, ती झोपतानाही जवळ ठेवायची. अंगणात धवलारीण गाणी म्हणतेय, तिच्यामागे बाया. लाउडस्पीकर लावायला आलेल्या पोरांशी माझं वाजलं असतं, पण मी सुरी घेऊन बाहेर आलो तेव्हा ते आपण होऊनच आवाज कमी करायला लागले.

वैशालीशी शेवटचं बोलणं होऊन तीन रविवार झाले. दर वेळी ती घरी नसते. हळदीच्या गडबडीत असेल.

१४ मे, शनिवार

काल लग्न झालं. आता झालेलं क्रमाने लिहितो, कारण लोक विचारतात कसं झालं आणि मी "छान" म्हणतो. छान झालं की नाही हे मला नक्की सांगता येत नाही.

अक्षय्य तृतीया असल्याने वडखळच्या तिठ्यावर वऱ्हाडांचे टेम्पोच टेम्पो अडकलेले. एका टेम्पोवाल्याने आमच्या गाडीला घासलं. मी उतरायला उठलो, ताईने शेला धरून खाली बसवलं. हळदीच्या अंगाने उतरायचं नाही म्हणे. बसलो.

रोह्याला शाळेत उतरलो, मग मारुतीच्या देवळात. मामा मूळ घेऊन आला. नवं धोतर, कपाळाला गंध. माझ्याकडे बघून एवढंच बोलला, "ये." मंडपाच्या वाटेवर त्याने बँडवाल्यांना आणि वऱ्हाडाला पुढे घातलं. म्हणाला, नवऱ्याला तोंड धुवायचंय, तुम्ही व्हा पुढं. मला आणि ताईला मागच्या गल्लीतून घेऊन गेला.

गल्ली अरुंद. तिच्यात मामाचा मिठाचा टेम्पो लावलेला, तोंड रस्त्याकडे, आत ड्रायव्हर, इंजिन चालू. मी मुंडावळ्या सांभाळत अंग चोरून निघालो. "मामा, इथे कोणी लावतं का गाडी? मंडपाच्या मागे धूर धूर झालाय."

"माझीच हाय. तू फुडं हो."

परसातून मागच्या दाराशी. पडदा होताच. निळी साडी, एका कडेला विरलेली. आतून उदबत्तीचा वास. मामा विहिरीपाशी उभा राहिला, ताई माझ्या मागे.

"आलास?" आतून.

"आलो. वैशाली, आजपासून तुझं..."

मामा खोकला. अट आठवली. गप्प झालो.

"हातात काय आहे तुझ्या?"

हा कसला प्रश्न. "एका हातात नारळ. दुसऱ्या हातात सुरी."

"ताईंकडे दे दोन्ही."

"नवऱ्याने सुरी सोडायची नसते गो," ताई पुटपुटली, पण तिने घेतली.

"आता हात आत दे."

पडद्याच्या कडेने मी दोन्ही हात आत दिले. तिने माझी मनगटं धरली. मी तिला पहिल्यांदाच हात लावत होतो, म्हणजे ती मला. हात गार होते आणि बोटांना पूजेचे तांदूळ चिकटलेले. ती नुसती धरून राहिली. वैद्य धरतो तशी. मला वाटलं, आता विचारणार.

"मी आत्ता नाय म्हटलं तर?"

"कशाला?"

"लग्नाला."

पुढे मंडपात बँडवाल्यांनी सुरुवात केली होती. मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. पण आलं होतं.

"कोणी भरवलं तुझ्या डोक्यात? नाव सांग मला त्याचं."

मुठी वळल्या. मी वळल्या नाहीत, त्या वळल्या. तिने सोडलं नाही. उलट जास्त घट्ट धरलं.

"कोणी नाय. मीच विचारतेय."

"मस्करी करतेस?"

"नाय."

अशा वेळी एरवी मी उठून जातो, नाहीतर हातातलं फेकतो. हात तिच्याकडे होते. फेकता येईना आणि जाताही येईना. तसाच उभा राहिलो. डोळ्यांसमोर निळी साडी, बाकी काही नाही. मागे ताईचा श्वास ऐकू येत होता.

"सांग ना. काय करशील?"

खरं सांगायचं कबूल केलं होतं. "घरी जाईन."

"आणि?"

"माहीत नाही. चिडेन. काहीतरी फोडेन. कारखान्यात फोडायला पुष्कळ आहे."

"आणि मला? मला काय करशील?"

हा प्रश्न मला कळला नाही. लिहितानाही नीट कळलेला नाही.

"तुला काय करणार? तू नाही म्हटलेलं असशील. मग तुला मी कोण?" मग आठवलं म्हणून म्हटलं, "लोकांना जेवायला घालून पाठवा म्हणजे झालं. लांबून आलेत. मी नाही जेवलो तरी चालेल."

मुठी कधी सुटल्या ते मला कळलं नाही, पण बोटं मोकळी झाली होती.

"आणि हो म्हटलं, आणि मग वर्षाने एखाद्या गोष्टीला नाय म्हटलं तर?"

"कसल्या गोष्टीला?"

"कसल्याही."

"तर भांडू. मी ओरडेन. तूही ओरड." मग खरं तेच सांगितलं, "असे हात धरलेस ना, की मला काही सुचत नाही."

"दर वेळेला मी नाय येणार धरायला. तुझे हात तूच धरायचे."

"बरं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिने सोडलं. मनगटांवर तिच्या बोटांचे वळ आणि चार तांदूळ.

"जा आता."

"आणि तुझं काय? हो की नाही?"

"अंतरपाट धरतील ना, तेव्हा बघ मी पलीकडे आहे का."

माझी पाच वाक्यं राहिली ती राहिलीच. ताईने नारळ आणि सुरी परत दिली. तिचे डोळे भरलेले होते. विचारलं तर म्हणाली, धूर. मामा विहिरीपासून हलला नाही. मला म्हणाला, "तू जा. मी तिला घेऊन येतो." मग थांबून, "आनायची असंल तर."

आता ही काय बोलायची पद्धत झाली? नवऱ्या मुलाशी?

मंडपात पाटावर उभा राहिलो. समोर अंतरपाट धरला. पांढरं कापड, कुंकवाचं स्वस्तिक. भटजींनी हाक दिली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा हाक दिली. लोक अक्षता घेऊन उभे. बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी कापडाकडे. तेवढ्या वेळात मला घाम फुटला आणि राग मात्र आला नाही. राग यायला जागाच नव्हती.

मग पलीकडे गलका झाला. अंतरपाटाखालून पाय दिसले. मेंदी, नवी जोडवी नाहीत अजून. तिचेच आहेत का ते ओळखावं म्हटलं, तर तिचे पाय मी कधी बघितलेलेच नव्हते. मंगलाष्टकं चालू असेपर्यंत मी त्या पायांकडे बघत होतो. एकदा अंगठा हलला.

कापड बाजूला झालं. तीच होती. डोळे लाल. तिने आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग वर. हार घातला.

वाजंत्री सुरू झाली. गर्दीतून मला एवढंच दिसलं, की मामा मागच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन ओरडतोय, "बंद कर रं इंजिन! ये, पंगतीला बस!" एवढ्या गडबडीत त्याला ड्रायव्हरच्या जेवणाची आठवण राहिली, याचं मला नवल वाटलं.

इतका खटाटोप करून ठरवलेलं माझं बोलणं झालंच नाही. ताईला तसं म्हटलं तर म्हणाली, "तू काय बोललास ते ऐकलं मी."

"काय बोललो?"

"काही नाही. पेढा खा."

१९ मे, गुरुवार

लग्नानंतरच्या पाचपरतावनाला वैशाली माहेरी गेली होती, आज तिला घ्यायला रोह्याला गेलो. मामाही आलेला. निघताना त्याने टेम्पोतून एक कापडी पिशवी काढून तिच्यापुढे धरली. "ही ऱ्हायली होती गो माझ्याकडं, त्या दिवसाची." वैशालीने पटकन घेतली. मामाने माझ्या पाठीवर थाप मारली, जोरात, आणि पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली. "कान्हू, मिठागराव येत जा. दाताळं नवीन केलंय."

एसटीत खिडकीची जागा तिला दिली. पिशवी तिच्या मांडीवर. मी विचारलं, लग्नाच्या दिवशी तुझी पिशवी मामाच्या टेम्पोत कशी?

ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मीच ठेवली होती."

"का?"

"का असेल?"

गाडी घाटातून हेलकावे घेत होती. मला टेम्पोचं रस्त्याकडे केलेलं तोंड आठवलं. चालू इंजिन आठवलं. भटजींची दुसरी हाक.

"तू नाही म्हणायचं ठरवलं होतंस?"

"ठरवलं नव्हतं. पिशवी भरली होती."

"आणि मामाला माहीत होतं."

"बूथवरचं सगळं ऐकलं मी त्या दिवशी. मग मामाकडे गेले. तो म्हणाला, मोडून टाकू. मी म्हटलं, नको, आधी मला त्याला विचारू दे."

राग आला. चांगलाच आला. नागोठण्यापर्यंत होता. पुढच्या सीटवरचा माणूस मान वळवून आमच्याकडे बघत होता, त्यालाही मला काहीतरी बोलायचं होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. सीटचा पत्रा टोचत होता. वैशालीने बघितलं. मध्ये पडली नाही.

नागोठण्याला माणसं उतरली, दुसरी चढली. मग मी विचारलं, "मी नेमकं काय बोललो म्हणून आलीस मंडपात?"

"तुला आठवत नाय?"

"सगळं आठवतं. त्यातलं कुठलं ते कळत नाही."

"बरंच आहे," ती म्हणाली. "सांगितलं तर पाठ करून ठेवशील."

पेणला उतरलो. तिच्या हातात आणखी दोन बोचकी होती, म्हणून पिशवी मी घेतली. घेतली आणि कळलं, हलकी आहे. फार तर दोन साड्या आणि टॉवेल. या हातातून त्या हातात करून बघितली, तरी हलकीच. एवढ्यावर निघाली होती.

"दे इकडे, मी घेते," ती म्हणाली.

राहू दे म्हटलं. जोह्याची गाडी उशिरा आली. तोपर्यंत मी ती खाली ठेवली नाही.